चित्र पहिल्यांदा कधी बदललं ते बघ

अगं,

ऑस्कर वाइल्डच्या 'डोरियन ग्रे' कादंबरीवरच्या तुझ्या पेपरचा ड्राफ्ट काल रात्री वाचला, दोनदा. मोबाईलवर एवढं टाइप करणं मला जमत नाही म्हणून आज लॅपटॉप उघडून चहा घेऊन बसलेय, त्यामुळे पत्र लांबणार, सांभाळून घे.

तू लिहिलंयस की 'डोरियन ग्रे' म्हणजे रूपाच्या गर्वाला मिळालेली शिक्षा. देखणा मुलगा तरुणच राहतो, पापं त्याच्याऐवजी त्याच्या चित्रावर उमटत जातात, शेवटी मरतो, म्हणून सौंदर्य घातक. चूक नाहीये. एमएला असताना ट्युटोरियलमध्ये मीही हेच लिहिलं होतं, चांगली चार पानं भरून, आणि आमच्या सरांनी शेवटी पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'हे वाइल्डलाही माहीत होतं.' इतका राग आला होता मला! पण नंतर कळलं, खरंच माहीत होतं त्याला. कादंबरी मासिकात आली आणि पेपरवाले तुटून पडले तेव्हा त्याने १८९० सालीच उत्तर दिलं होतं की धडा आहे ना, कुठलाही अतिरेक आणि तसाच कुठलाही त्याग आपली शिक्षा घेऊनच येतो, आणि हा धडा जरा जास्तच उघड दिसतो हाच काय तो पुस्तकातला दोष. आता लेखकाने स्वतः दोष म्हणून कबूल केलेली गोष्ट तू तुझा शोध म्हणून मांडणार का?

त्यापेक्षा एक साधा प्रश्न घे. चित्र पहिल्यांदा कधी बदलतं? खुनानंतर नाही. अफूच्या अड्ड्यावर गेल्यावरही नाही, ते सगळं खूप पुढे. चित्र बदलतं एका सतरा वर्षांच्या पोरीला तो नको ते बोलतो त्या रात्री.

सिबिल व्हेन. लंडनमधलं एक कळकट थिएटर, तिथे ही रोज वेगळी नायिका होते आणि डोरियन रोज जाऊन बसतो. लॉर्ड हेन्रीला, म्हणजे बोलून बोलून त्याला नादाला लावणाऱ्या मित्राला, तो कौतुकाने सांगतो, आज ती शेक्सपिअरची इमोजेन आहे, उद्या ज्युलिएट. हेन्री विचारतो, मग सिबिल व्हेन कधी असते? डोरियन म्हणतो, कधीच नाही. हे पान तू हायलाइटसुद्धा केलेलं नाहीस, आणि माझ्या मते अख्ख्या कादंबरीची किल्ली तिथे आहे. कारण पुढे काय होतं, ती याच्या खऱ्याखुऱ्या प्रेमात पडते आणि मग स्टेजवरचं प्रेम तिला खोटं वाटायला लागतं, अभिनय साफ पडतो, तोही नेमका हा मित्रांना घेऊन आलाय त्याच दिवशी, आणि ग्रीनरूममध्ये ती आनंदाने सांगायला लागते की मी आता सिबिल झाले, तर हा म्हणतो की तुझ्या कलेशिवाय तू कोणीच नाहीस. भ्रष्टपणा शोधायचा असेल तर इथे शोध. जिवंत माणसाकडे चित्र बघितल्यासारखं बघायचं, आणि त्याने चित्रासारखं वागायचं थांबवलं की टाकून द्यायचं.

मग तो रात्रभर भटकतो आणि पहाटे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात पोचतो. लिलीच्या फुलांनी भरलेल्या गाड्या येतायत, एक गाडीवान त्याला चेरी देतो आणि पैसे घेत नाही. डोरियनला कळत नाही का घेत नाही, तो आपला ढिम्मपणे खात चालतो. मी हा सीन कितीतरी वर्षं नुसतं वर्णन म्हणून ओलांडून जायचे. आता वाटतं, का घेत नाही म्हणजे काय, तो चेहरा बघ ना! थोड्याच वेळापूर्वी एका मुलीचा जीव मोडून आलाय आणि जग त्याला फुकट फळं देतंय. घरी येतो तर चित्राच्या ओठांपाशी क्रौर्याची एक रेघ.

आणि दुसऱ्या दिवशीचं पत्र विसरू नकोस. पश्चात्ताप होतो त्याला, पानंच्या पानं माफी लिहितो, आणि लिहून झालं की त्याला वाटतं आपल्याला माफ केलंय. पत्र अजून टेबलावरच आहे हं! तेवढ्यात हेन्री दार ठोठावतो, बातमी अशी की सिबिल रात्रीच गेली, विष घेऊन. थोड्या वेळाने डोरियनला हे सगळं एखाद्या सुंदर नाटकाच्या सुंदर शेवटासारखं वाटायला लागतं, आणि संध्याकाळी तो ऑपेराला जातो.

हेन्रीवरून आठवलं, तुझ्या ड्राफ्टमध्ये त्याची सहा वाक्यं आहेत. भाळलीयस ना? सगळेच भाळतात, त्याची वाक्यं फॉरवर्ड करायला एकदम परफेक्ट असतात. पण बॅसिल, तो चित्रकार, सुरुवातीलाच त्याला म्हणतो की तू कधी चांगलं बोलत नाहीस आणि कधी वाईट वागत नाहीस. हेन्री नुसतं बोलतो, भोगतो दुसराच. सहातली चार उडव. बॅसिललाही साधा सज्जन करून सोडू नकोस, चेहऱ्याची पूजा त्यानेच आधी मांडली होती.

संदर्भाचा भाग तू फार पसरट केलायस. 'कलेसाठी कला' म्हटलं की आपल्याकडे फडके-खांडेकर येणारच, पण तो पॅरा इथे काढ, तो वेगळा पेपर आहे. त्याऐवजी वॉल्टर पेटर घे, वाइल्डवर ज्याचा प्रभाव होता तो इंग्रज समीक्षक. १८७३ च्या पुस्तकात त्याने समारोपात लिहिलं की क्षण उत्कटतेने जगावा, आणि १८७७ च्या आवृत्तीत तो समारोपच गाळला, कारण काही तरुण मुलांची दिशाभूल होईल अशी भीती वाटली, १८८८ मध्ये थोडा बदलून परत घातला. आता हेन्री आणि डोरियनकडे बघ, दिशाभूल झालेला तरुण मुलगा वाइल्डने प्रत्यक्ष उभाच केला की. दुसरं म्हणजे स्टीव्हन्सनची 'जेकिल आणि हाइड', १८८६, सज्जन डॉक्टर औषध घेऊन दुष्ट हाइड होतो ती गोष्ट. तिथे दुष्टपणाला वेगळं, किळसवाणं शरीर मिळतं, बघणाऱ्याला लगेच शिसारी येते. इथे उलटं. चेहरा म्हणजे मनाचा आरसा हे त्या काळच्या लोकांना अगदी मनापासून पटलेलं, बॅसिलसुद्धा म्हणतो की पाप माणसाच्या तोंडावर लिहिलं जातं, आणि म्हणूनच डोरियनबद्दलच्या अफवांवर त्याचा विश्वास बसत नाही. हा विश्वासच त्याला शेवटी चित्र लपवलेल्या त्या माळ्यावरच्या खोलीपर्यंत घेऊन जातो, डोरियनच्या सुरीपर्यंत.

कुठली आवृत्ती वापरतेयस ते पहिल्याच पानावर लिही. जुलै १८९० च्या मासिकात तेरा प्रकरणं होती, १८९१ च्या पुस्तकात वीस. बॅसिलचं डोरियनवरचं प्रेम मासिकात बऱ्यापैकी उघड आहे, पुस्तकात वाइल्डने ते सौम्य केलं. १८९५ मध्ये वाइल्डच्या बदनामीच्या खटल्यात विरुद्ध बाजूचा वकील कार्सन याने नेमकं यावरच बोट ठेवलं, कादंबरीतली वाक्यं वाचून दाखवायची आणि लेखकाला विचारायचं, हे तुम्हाला वाटलंय का कधी? तुझं तिसरं सेक्शन, रागावू नकोस, थोडं कार्सनसारखंच झालंय. कादंबरी म्हणजे लेखकाचा कबुलीजबाब नव्हे.

शेवटही परत लिही. डोरियन चित्रावर सुरी चालवतो तिथे तू थेट उडी मारलीस, त्याच्या आधीची हेटी राहूनच गेली. ही खेड्यातली मुलगी, तिला डोरियन नादाला न लावता सोडून देतो आणि त्याला वाटतं, चला, आपण सुधारलो. मग टेबलावरचा दिवा उचलून हळूच वर जातो, चित्र थोडं सुधारलंय का बघायला. डोळ्यांत आता लबाडी आलेली असते आणि ओठांपाशी ढोंग्याची सुरकुती. केलेल्या चांगल्या कामाकडेही तो चित्र म्हणूनच बघायला गेला ना! सिबिलपासून हेटीपर्यंत एकच नजर आहे का, की मध्ये कुठे बदलते, हे तू ठरव, मला अजून पक्कं ठरवता आलेलं नाही.

रविवारपर्यंत पाठव. आणि फाँट मोठा कर गं, डोळे गेले माझे.