'हिद्दुश'ला सर्जनशीलता म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न आहे : ज्यू शिक्षणावरचा लेख मराठीत आणताना 'हिद्दुश' हा शब्द अडला, तिथे 'सर्जनशीलता' लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण नेमकं जे सांगायचं तेच निसटेल. सर्जनशीलता म्हटलं की आपल्यापुढे कोरा कागद आणि रंगपेटी येते. हिद्दुशमध्ये कागद कधीच कोरा नसतो. हिब्रूत 'हादाश' म्हणजे नवं, आणि 'होदेश' म्हणजे महिना, कारण महिना नव्या चंद्रापासून धरतात. त्याच धातूपासून हिद्दुश झाला. (काही जण 'खिद्दुश' लिहितात. मूळ अक्षराचा उच्चार दोन्हींच्या मधला कुठला तरी, त्यावर भांडू नये.) जुन्या वचनाचा आजवर कुणाला न दिसलेला अर्थ किंवा दोन वचनांमधला विरोध सोडवणारी नवी युक्ती, तो हिद्दुश.

तालमूद हा ज्यूंच्या धर्मचर्चांचा जुना ग्रंथ. त्याच्या हगीगा या भागात एक प्रसंग आहे. रब्बी यहोशुआंना भेटायला दोन शिष्य पेकीइन गावी जातात. गुरुजी विचारतात, आज बेत मिद्राशमध्ये, म्हणजे पाठशाळेत, नवं काय निघालं? शिष्य संकोचतात : आम्ही तुमचेच शिष्य, तुमचंच पाणी पितो. गुरुजी म्हणतात, तरीसुद्धा! हिद्दुश निघाला नाही अशी पाठशाळा असूच शकत नाही. मूळ शब्द हिद्दुश हाच आहे. तिथे 'सर्जनशीलता' घालून वाक्य म्हणून बघा, जिभेला खडा लागतो.

पण म्हणून पाठांतराला कमी लेखलं, असं समजू नका. मिश्ना म्हणजे तालमूदचा सर्वांत जुना, मूळ थर. त्याच्या 'आवोत' या भागात योहानान बेन झक्काई हे गुरू आपल्या शिष्यांची लक्षणं सांगतात. एलिएझर बेन हुर्कनुस म्हणजे गिलावा केलेला हौद, थेंबही गळत नाही. एलाझार बेन अराख म्हणजे जोर वाढत जाणारा झरा. दोघांत थोर कोण? एका मते तराजूत हौद जड, दुसऱ्या मते झरा. मिश्नाने दोन्ही मतं नोंदवली आणि निकाल दिलाच नाही. मला तर ही टाळाटाळ फार आवडते. तालमूदचं छापील पानही तसंच असतं : मधे मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी या मध्ययुगीन भाष्यकारांची टीका, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या पंडितांच्या टिपा. तोसाफोतकारांत राशींचे सख्खे नातू होते आणि आजोबांना खोडून काढायला ते कचरत नसत. विद्यार्थी असं पान 'हेवरूता'त, म्हणजे जोडीने, मोठमोठ्याने वाद घालत वाचतात.

मग मराठी शब्द कोणता? 'नवोन्मेष' सुंदर आहे, पण हल्ली तो सरकारी योजनांनी पळवला. 'कल्पकता' हलका पडतो. मला सर्वांत जवळचा वाटतो तो गवयांचा 'उपज'. रागाची चौकट मोडायची नाही, बंदिश तीच, तरी आज नवी जागा निघाली पाहिजे. अडचण एकच : गाण्याबाहेर वाचकाला 'उपजत' आठवेल आणि ते जन्मजात देणं वाटेल. हिद्दुशमागे मात्र तालीम असते. (तशी ती उपजेमागेही असते म्हणा.)

दुसरी वाट कीर्तनाची : अभंग तोच, निरूपण नवं. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी १९व्या शतकात अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचली.

एक फरक सांभाळा. तुमच्या लेखात चित्रकला, नाटक, हस्तकला अशा गोष्टी असतील तर तिथे 'सर्जनशीलता'च बरोबर. आजच्या हिब्रूत त्यासाठी 'येत्सिरातियूत' असा वेगळा शब्द आहे. त्याच्या धातूपासूनच 'योत्सेर' म्हणजे कुंभार हा शब्द झाला. कुंभाराला माती लागते, हिद्दुशला मजकूर.

हिद्दुश ठेवायचाच असेल तर पहिल्यांदा 'हिद्दुश, म्हणजे जुन्या वचनातून निघालेला नवा अर्थ' असं लिहा आणि पुढे शब्द तसाच वापरा. क्रियापद मात्र 'करणे' नको. 'हिद्दुश सुचला' किंवा 'हिद्दुश काढला' म्हणा, जसा आपण श्लोकाचा अर्थ काढतो.