'उपयोजित' म्हणजे 'उपयोगी' नव्हे

प्रश्न असा आलाय की भाषांतर करताना 'बेसिक अँड अप्लाइड रिसर्च'ला 'प्राथमिक आणि उपयोगी संशोधन' म्हटलं तर चालेल का, 'अप्लाइड'साठी रूढ असलेला उपयोजित आणि उपयोगी यात खरंच काही फरक आहे का, आणि एखादा बेसिक रिसर्च पुढे वापरात आला की तो अप्लाइड होतो का. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

आधी 'प्राथमिक'. हा शब्द इथे नको. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, म्हणजे पहिल्या पायरीचं, पुढे मोठं काहीतरी यायचंय असं. शिवाय प्राथमिक माहिती म्हणजे स्वतः जाऊन गोळा केलेली माहिती असा एक वेगळाच अर्थ संशोधनाच्या भाषेत रूढ आहे, त्यामुळे घोळ अजून वाढतो. खरं तर 'बेसिक' हा शब्दच आपल्या बोलण्यात 'सोपं, सुरुवातीचं' असा झालाय, 'मला बेसिक कॉम्प्युटर येतं' वगैरे, आणि तोच अर्थ नकळत संशोधनाला चिकटतो. त्यापेक्षा 'मूलभूत' घ्या. मूलभूत म्हणजे मूळ झालेलं, ज्यातून बाकीचं फुटतं ते. मूलभूत हक्क हे काही सोपे हक्क नसतात ना, बाकीचे हक्क त्यांच्यावर उभे असतात. काही जण 'शुद्ध संशोधन' म्हणतात, गणितात 'शुद्ध गणित' चांगलं रुळलंय, पण संशोधन या शब्दातच शुध् धातू बसलेला आहे त्यामुळे ते मला दोनदा धुतल्यासारखं वाटतं, आणि मग दुसरं ते अशुद्ध का असा प्रश्न उगाच उभा राहतो. (जाता जाता, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, संविधान संशोधन म्हणतात ते. आपण त्याला घटनादुरुस्ती म्हणतो आणि संशोधन रिसर्चसाठी राखून ठेवलंय. हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, 'अप्लाइड'साठीचा अनुप्रयुक्त हा शब्दही तिकडचाच.)

आता मुख्य गोष्ट. उपयोग, उपयोगी, उपयुक्त, उपयोजन, उपयोजित, हे सगळे एकाच घरचे शब्द, 'युज्' म्हणजे जोडणे या धातूचे, बैलाच्या मानेवरचं जू पण त्याच घरचं. पण घर एक असलं तरी मराठीत प्रत्येकाने आपापली जागा घेतलीये. उपयोगी आणि उपयुक्त हे गुण झाले, वस्तू कशी आहे ते सांगणारे. उपयोजित म्हणजे कामाला जुंपलेलं, त्यात एक कृती आहे, कोणीतरी हे अमुक कामासाठी लावलंय असं त्यात येतं. गोठ्यात उभा असलेला बैलही उपयोगीच असतो, फक्त आत्ता जुंपलेला नसतो, आणि जुंपलेला बैल शेत पुरं नांगरेलच याची काही खात्री नसते. म्हणून उपयोजित संशोधन पूर्ण फसू शकतं, त्यातून काडीचाही उपयोग न होता ते उपयोजितच राहतं. आणि उपयोजितच्या उलट निरुपयोगी नाही! उपयोजित कला म्हणजे जाहिरात, पोस्टर, पुस्तकाचं कव्हर वगैरे, म्हणून कोणी चित्रकाराच्या चित्राला निरुपयोगी कला म्हणत नाही. संशोधनाच्या बाबतीत मात्र हे सर्रास होतं आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एका चुकीच्या शब्दामुळे आयुष्यभराचं काम बिनकामाचं ठरतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे कारण त्यात व्याकरणाची एक खरी अडचण आहे. 'उपयोजित' हे भूतकाळी रूप आहे, लिखित, पठित, रचित यांच्यासारखं, त्यामुळे कानाला असं वाटतं की 'जे वापरलं गेलंय ते संशोधन', म्हणजे आधी मूलभूत होतं, कोणीतरी वापरलं, की झालं उपयोजित. तसं नाहीये. उदाहरण घ्या. 1966 च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमध्ये जीव शोधत होते, त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की किती तापमानापर्यंत जीव तग धरू शकतो. त्यांना 70 अंशांच्या आसपास मजेत वाढणारा एक जिवाणू मिळाला, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. पुढे 1983 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पीसीआरची युक्ती सुचली, पण त्यात प्रत्येक फेरीत मिश्रण 95 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, प्रती काढणारं नेहमीचं एन्झाइम त्यात मरतं आणि दर फेरीला नवीन घालावं लागायचं, मग या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं एन्झाइम वापरलं आणि तो प्रश्न सुटला. कोरोनात आरटीपीसीआर हा शब्द घराघरात पोचला तो याच्याच जोरावर. आता ब्रॉक यांचं संशोधन यामुळे उपयोजित झालं का? नाही झालं. त्यातून मिळालेल्या ज्ञानाचं उपयोजन झालं, संशोधन मूलभूतच राहिलं, कारण ते करताना विचारलेला प्रश्न बदललेला नाही, तो आता बदलूही शकत नाही. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या फ्रास्काटी मॅन्युअलमध्ये (पहिली आवृत्ती 1963 ची, देशोदेशी संशोधनावरचा खर्च मोजताना हेच वापरतात) फरक असाच केलाय, विशिष्ट उपयोग नजरेसमोर न ठेवता केलेलं ते मूलभूत, विशिष्ट व्यावहारिक हेतूने केलेलं ते उपयोजित. म्हणजे अर्थाने बघितलं तर 'उपयोजनलक्ष्यी' हा शब्द जास्त नेमका, पण उपयोजित आता इतका रुळलाय की तो हलवण्यात अर्थ नाही, फक्त वाचताना मनात लक्ष्यी धरायचं.

मी स्वतः ओळखताना एकच गोष्ट विचारतो, काय झालं की हा माणूस 'झालं माझं काम' म्हणेल? एखादी गोष्ट चालायला लागली की म्हणणार असेल तर उपयोजित, ती तशी का आहे हे कळल्यावर म्हणणार असेल तर मूलभूत. कधी दोन्ही एकदम असतं. 1856 मध्ये फ्रान्समधल्या लिल शहरात बिटापासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडत होता, तो लुई पाश्चर यांच्याकडे गेला, आणि तिथून निघालेली वाट आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात इथपर्यंत गेली. हे एका खणात बसत नाही आणि बसवूही नये.

एक मोह मात्र टाळा. मराठीत शोध 'लागतो' आणि शोध 'लावतात' अशी सुंदर जोडी आहे, आणि काही जण तीच इथे बसवतात की मूलभूत संशोधनात शोध आपोआप लागतो आणि उपयोजितात तो लावावा लागतो. ऐकायला छान आहे पण खरं नाही. ब्रॉक मुद्दाम शोधायला गेले होते. उलट 1964 साली पेन्झियास आणि विल्सन हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, उपग्रह-संपर्कासाठी बांधलेल्या अँटेनातला न जाणारा गुरगुराट घालवायला बघत होते, कबुतरांची घाणसुद्धा साफ केली, आणि तो गुरगुराट निघाला विश्वाच्या सुरुवातीपासून उरलेला प्रकाश. लागणं-लावणं हे शोधाचं झालं, मूलभूत-उपयोजित हे प्रश्नाचं.

'व्यावहारिक संशोधन' पण सुचवलंय, त्यातून रोखठोक, देण्याघेण्याचं असा वास येतो, नको. तुमचं वाक्य साधं असं ठेवा: 'ही संस्था मूलभूत आणि उपयोजित असं दोन्ही प्रकारचं संशोधन करते.' आणि मूळ मजकुरात पुढे 'डेव्हलपमेंट' असेल तर ते उपयोजितात ढकलू नका, तो तिसरा प्रकार आहे, त्याला 'विकसन' लिहा.