मैदानातले प्रश्न: बरा होऊन आला, आता जागा कुणाची?

यावेळी चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते पत्र वाचल्यावर मला थोडक्यात लिहिणं जमलंच नाही.

प्रश्न: नमस्कार. वय ७१, सगळं आयुष्य बडोद्यात, दांडिया बाजारात गेलं, क्रिकेट सोडून दुसरा खेळ कधी धड बघितला नाही. मुलगी टेक्सासला असते, नातू तिथल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममधे क्वार्टरबॅक आहे. त्यांची मॅच शुक्रवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच, मी आणि ही चहा घेऊन फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसतो आणि मुलगी तिकडून व्हिडिओ कॉल लावते. पाचव्या मॅचला त्याला दोघांनी मिळून पाडलं, डोकं जमिनीवर आपटलं. उठला, पण मग स्वतःच बाहेर जाऊन सांगितलं की डोकं दुखतंय, डोळ्यासमोर अंधारी येतेय. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, निघालं. तीन मॅच बाहेर बसला आणि त्या तिन्ही मॅच बदली मुलाने जिंकून दिल्या. आता डॉक्टरांनी फिट असं लिहून दिलंय पण कोच म्हणतो टीम जिंकतेय, तोच मुलगा सुरुवात करणार. जावई म्हणतात कोचचं बरोबर, मुलगी म्हणते हा अन्याय, इकडे संध्याकाळी सुरसागरला आम्ही पाचसहा जण बसतो त्यांच्यातपण दोन पार्ट्या पडल्यात. पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. परवा नातू म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी डोकं दुखलं तर मी सांगणारच नाही." कोच बरोबर की चूक?

उत्तर: काका, कोचचं नंतर बघू, आधी नातवाचं ते वाक्य. ते तुम्ही ऐकलंत आणि तुमची झोप उडाली हे अगदी योग्य झालं. मेंदूला हादरा बसल्यावर तो पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो, क्वचित होतं पण होतं, आणि होतं ते बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांनाच. म्हणूनच २००९ मधे वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की कन्कशनचा संशय जरी आला तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले. पण कायदा चालतो कशावर, तर मुलाने तोंड उघडण्यावर. डोकं दुखतंय हे बाहेरून दिसत नाही हो, हाड मोडलं तर एक्सरेत दिसतं, हे फक्त त्यालाच माहीत असतं. तुमच्या नातवाने खरं सांगितलं आणि त्याच्या हिशेबात त्याची शिक्षा म्हणून जागा गेली. तो हिशेब त्याच्या डोक्यातून काढणं हे पहिलं काम, आणि ते कोचपेक्षा तुम्ही चांगलं करू शकता कारण बोलला तो तुमच्याशी.

आता वाद. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, क्वार्टरबॅक हा असा खेळाडू की प्रत्येक चालीला बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि दोनतीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकू, दुसऱ्याला देऊ की स्वतः पळू. अकरा जणांत तो एकच. चांगले बॅट्समन दोन असले तर दोघे खेळतात, क्वार्टरबॅक दोन असले तर एक बसतो. आपल्या बडोद्याच्या माणसाला हे कीपरवरून लगेच कळेल. किरण मोरे आपला, नयन मोंगिया आपला, मोरे १९८६ ते १९९३ भारताकडून टेस्ट खेळला आणि मोंगियाची पहिली टेस्ट आली १९९४ ला, मोरेची जागा रिकामी झाल्यावरच. ग्लोव्हजची जोडी एकच असते.

या वादात सुरसागरला कुणीतरी टॉम ब्रेडीचं उदाहरण दिलंच असेल, नसेल तर जावई देतील. २००१ चा सप्टेंबर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स या टीमचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो, त्याच वर्षी मार्चमधे त्याने १० वर्षांचा १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केलेला. जेट्सविरुद्धच्या मॅचमधे त्याला असा काही धक्का बसला की छातीतली रक्तवाहिनी फाटली, आत रक्तस्राव, हॉस्पिटल. आत आला ब्रेडी, आदल्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत १९९ व्या नंबरवर घेतलेला, म्हणजे जवळपास कुणाला नको असलेला. नोव्हेंबरात ब्लेडसो खेळायला फिट झाला तरी कोच बिल बेलिचिकने ब्रेडीलाच ठेवलं आणि फेब्रुवारी २००२ मधे ती टीम सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली, रॅम्सविरुद्ध २०-१७. हे उदाहरण द्यायला सोपं कारण शेवट सगळ्यांना माहितीये. पण तुमच्या नातवाची गोष्ट ती नाही.

तुमच्या नातवाच्या जवळची गोष्ट ॲलेक्स स्मिथची आहे. २०१२, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स. ऑक्टोबरच्या शेवटच्या मॅचमधे त्याने १९ पैकी १८ पास अचूक टाकले होते, १९ पैकी १८! पुढच्याच मॅचला ११ नोव्हेंबरला कन्कशन झालं, कॉलिन केपर्निक आत आला, त्यानंतरची मॅच शिकागोविरुद्ध ३२-७ जिंकला, आणि स्मिथ बरा झाल्यावरही कोच जिम हार्बॉने केपर्निकलाच ठेवलं. टीम सुपर बोलपर्यंत गेली, तिथे रेव्हन्सकडून ३४-३१ हरली. हार्बॉचा निर्णय खेळाच्या दृष्टीने चुकला असं मी म्हणणार नाही, केपर्निक खरंच जोरदार खेळत होता. पण तो सीझन बघणाऱ्या प्रत्येक पोराने त्यातून काय उचललं असेल? हेच, की डोक्याचं सांगायचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या माणसांच्या टीममधे जो आज जास्त चांगला त्याला खेळवा, मागची पुण्याई धरू नका. शाळेत मात्र दुखण्यामुळे बाहेर बसलेल्याला निदान त्याची जागा परत लढवायची संधी द्या, एक पूर्ण आठवडा, प्रॅक्टिसमधे दोघांना मुख्य टीमबरोबर सारखे चेंडू, आणि मग ठरवा. त्यात बदली मुलगा जिंकला तर जागा त्याची, मी त्याच्या बाजूने उभा राहीन, कारण त्या पोराने तीन मॅच जिंकून दिल्यात आणि त्याचे पण आजोबा कुठेतरी बसून बघत असतील. पण "टीम जिंकतेय" एवढ्यावर नको. तीन मॅच कुणामुळे जिंकल्या, समोरच्या टीम कशा होत्या, हे कोचला माहीत असतं, स्कोअरला माहीत नसतं.

आणि तोंडावर सांगा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतोय. कॉलेजात असताना मी इथल्याच एका क्लबचा कीपर होतो, उजव्या हाताची करंगळी मोडली, पाच आठवडे पट्टी. बरा झालो त्या दिवशी सकाळी आईने ग्लोव्हजना खोबरेल चोळून खिडकीत ठेवले होते, ते घेऊन सायकलवर पोलो ग्राउंडला गेलो तर झाडाला टाचणीने लावलेल्या कागदावर माझ्या नावापुढे "राखीव". कोच दहा पावलांवर उभे, स्टंप ठोकत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुसरा पोरगा माझ्यापेक्षा चांगला होता हे मला सहा महिन्यांनी मान्य झालं, पण ती वर न केलेली मान आज तीस वर्षांनीपण आठवते. दोन मिनिटं बोलले असते तर तो दिवस मी विसरून गेलो असतो.

तर आता नातवाला तीन गोष्टी सांगा. एक, तू सांगितलंस म्हणून मला तुझा अभिमान वाटतो, आणि हे शब्द असेच वापरा, नुसतं "बरं झालं" नको. दोन, कोचला एकट्यानेच जाऊन भेट, आईबाबांना नेऊ नको, आणि "मला का काढलं" असं विचारू नको, विचार "जागा परत मिळवायला तुम्हाला माझ्यात काय दिसायला पाहिजे". तीन, पुढच्या वेळी काहीही दुखलं तरी सांगायचं, आणि त्याला हे पटत नसेल तर आजोबांसाठी म्हणून सांगायचं. मुलीला सांगा की डोक्याचं सांगितल्यावर जागा जाते असं मुलांना वाटायला लागलंय, ही गोष्ट शाळेत बोलायची आहे, तक्रार म्हणून नाही, काळजी म्हणून. कोच समजदार असेल तर एवढं ऐकून हलेल. आणि शनिवारी पहाटे तुम्ही दोघं चहा घेऊन बसाच, तो खेळो न खेळो, कॉल लावायला सांगा.

प्रश्न: रावपुऱ्याहून. घरात मुलगा अमेरिकन फुटबॉल बघतो म्हणून मीपण बघायला लागले. दोन चांगले क्वार्टरबॅक असतील तर आलटून पालटून का नाही खेळवत? भांडणच मिटेल.

उत्तर: ताई, करून बघितलंय, तेही फार मोठ्या कोचने. १९७१ मधे डॅलस काउबॉइजच्या टॉम लँड्रीकडे क्रेग मॉर्टन आणि रॉजर स्टॉबॅक असे दोघे होते आणि त्याला ठरवता येईना. ३१ ऑक्टोबरला शिकागोत त्याने अक्षरशः एका चालीला हा, पुढच्या चालीला तो असं केलं. हरले, २३-१९. मग त्याने स्टॉबॅकचं नाव पक्कं केलं आणि त्यानंतर ती टीम एकही मॅच हरली नाही, सलग १०, शेवटची सुपर बोलची, मायामीविरुद्ध २४-३.

कारण असं की क्वार्टरबॅक नुसता फेकत नाही. बॉल कधी मागायचा त्याची हाक प्रत्येकाची वेगळी, पाय मागे घ्यायची लय वेगळी, आणि पकडणारा पळत असतो तो बॉल बघून नाही, बॉल कुठे येणार या भरवशावर, तो वळतो तेव्हा बॉल निघालेला असतो. हा भरवसा आठवडाभर एकाच हाताबरोबर शेकडो वेळा करून येतो. आठवड्यातली प्रॅक्टिस ठरलेली, ती दोघांत वाटली की दोघेही अर्धे तयार. वर एक चूक झाली की आता मला काढणार ही भीती, मग तो धोका पत्करून फेकतच नाही, जवळच देऊन टाकतो. भांडण मिटत नाही ताई, रोज नव्याने होतं.

प्रश्न: मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना, त्याने टीमला चार सुपर बोल जिंकून दिले आणि तरी टीमने त्याला सोडलं, हा कृतघ्नपणा नाही का?

उत्तर: नाही, आणि मॉन्टाना माझा आवडता असून म्हणतोय. कोपराच्या दुखण्याने १९९१ चा सीझन पूर्ण गेला, १९९२ चा जवळपास पूर्ण, आणि त्या १९९२ ला त्याचा बदली स्टीव्ह यंग अख्ख्या लीगमधे सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो तर चार वर्षं मॉन्टानाच्या मागे बसला होता, त्याला अजून किती बसवणार. १९९३ ला मॉन्टाना कॅन्सस सिटीला गेला, १९९४ च्या सप्टेंबरात त्याने यंगच्या टीमला २४-१७ हरवलं, आणि त्याच सीझनच्या शेवटी यंगने सुपर बोलमधे सहा टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले. दोघांनाही मैदान मिळालं. एकाला बेंचवर सडवून ठेवणं आणि त्याला मान म्हणणं, कृतघ्नपणा मला त्यात दिसतो.

प्रश्न: वय १६, बडोद्यात एका ॲकॅडमीत कीपर आहे पण दुसरा. या वर्षी एकही मॅच मिळाली नाही. सर म्हणतात तयार राहा. तयार राहायचं म्हणजे काय करायचं?

उत्तर: वर ब्लेडसोचं लिहिलंय ना, त्याची पुढची गोष्ट ऐक. जागा गेल्यावर तो दोन महिने बेंचवर होता. २७ जानेवारी २००२, पिट्सबर्ग, सुपर बोलच्या आधीची शेवटची मॅच. ब्रेडीचा घोटा दुखावला. ब्लेडसो आत गेला आणि काही चालींतच डेव्हिड पॅटनला ११ यार्डांचा टचडाउन पास. टीम २४-१७ जिंकली. पुढच्या आठवड्यात सुपर बोलला परत ब्रेडीच खेळला, पण ब्लेडसो त्या दिवशी तयार नसता तर सुपर बोल आलीच नसती.

तुझ्यासाठी तयार राहणं म्हणजे हे. तुमच्या टीमच्या दोन्ही स्पिनरना रोज प्रॅक्टिसनंतर वीस मिनिटं थांबव आणि स्टंपला चिकटून कीपिंग कर, ऑफस्पिनरचा सरळ जाणारा बॉल त्याच्या हातातून सुटतानाच तुला ओळखता आला पाहिजे. लेग साइडला जाणारे बॉल वेगळे मागून घे, दुसऱ्या कीपरची पहिली परीक्षा तिथेच होते. मॅचच्या दिवशी ग्लोव्हज बॅगेत ठेवू नको, हातात ठेव, इनर घालून. आणि पहिल्या कीपरला लंचला पाणी नेऊन देशील तेव्हा विचार की आज बॉल खाली राहतोय का, वर येतोय. तो सांगेल. कीपर कीपरला सांगतो.