क्रॉस स्टिचचं मोठं चित्र सुरू करण्याआधी सामान कसं लावून ठेवावं? दोऱ्यांसाठी कोणता डबा घ्यावा?

डबा घेऊ नका. निदान आत्ताच नको.

तुम्ही लिहिलंय की आजवर रुमाल आणि बुकमार्क केलेत, आता पहिल्यांदाच भिंतीवर लावायचं चित्र निवडलंय, त्यात ३८ रंग आहेत आणि ऑनलाइन ६० कप्प्यांचा एक डबा पसंत पडलाय. तो घ्यावा का, एवढंच खरं तर तुम्हाला हवंय. पण ‘सामान आधी आणून लावून ठेवावं की लागेल तसं आणावं’ हा विषय निघाला की आमच्या घरात आजही दोन तट पडतात, आणि त्यातल्या एका तटावर मी एकटीच असते. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी ग्राफ घेऊन बसा आणि प्रत्येक रंगाची घरं मोजा. कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी दुपार जाते. दोऱ्याची लडी ८ मीटरची, सहा पदरांची. १४ काउंटवर, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर, आपण दोन पदर ओवतो, म्हणजे एका लडीतून दोनपदरी दोरा २४ मीटर निघतो. एका फुलीला पुढून-मागून मिळून साधारण ९ मिलिमीटर दोरा लागतो. कागदावर २,६०० च्या पुढे फुल्या बसायला हव्यात. प्रत्यक्षात सुरुवातीचं टोक, शेवटचं टोक, मागून मारलेल्या उड्या आणि उसवलेलं धरून माझ्या हाताला १,८०० पडतात. तुमचा हात सढळ असेल तर १,५०० धरा. भागाकार करा, वर एक लडी जास्तीची घ्या आणि सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्या. माझ्या लेखी तयारी ती एवढीच.

आता हे मी इतकं ठासून का सांगतेय ते ऐका.

२०११ च्या मे महिन्यात आमच्या वन्संच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतात काय काय मांडायचं यावर जानेवारीपासून फोन चालले होते. थोरल्या जाऊबाई पुण्याला, मी साताऱ्याला. ठरलं असं की आम्ही दोघींनी मिळून एक चित्र करायचं: तळ्याकाठी मोर, मागे कमान, वर मोकळं आकाश. सामान वहिनी, म्हणजे याच जाऊबाई, तुळशीबागेतून आणून देणार आणि टाके मुख्यतः मी घालणार, कारण माझी शाळा मार्चअखेर जरा मोकळी होते. ग्राफ १९६ बाय १४० घरांचा, म्हणजे १४ काउंटच्या कापडावर १४ इंच बाय १० इंच. फ्रेमवाल्यासाठी चारी बाजूंनी ३-३ इंच सोडायचे तर कापड हवं २० बाय १६. वहिनींनी आणलं अर्धा मीटर. अर्धा मीटर म्हणजे २० इंचाला जरासा कमीच भरतो, त्यातून दशा सुटून आणखी पाव इंच गेला. ते मी चालवून घेतलं. त्याचं काही नाही.

आकाशाची घरं मी मोजली होती, ९,००० च्या आसपास भरली. पाच लड्या हव्यात असं मी फोनवर सांगितलंही. वहिनींनी तीन आणल्या. “अगं, आपलं ठरलेलं दुकान आहे. संपली की आणू. उगाच उरल्या तर डब्यात पडून राहतात.” हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या वेळा आठवलंय की त्यांच्या आवाजातलंच ऐकू येतं.

इथे माझीही एक चूक आहे. ती सांगते, नाहीतर त्याच कुठूनतरी हे वाचतील आणि खाली लिहितील. लड्या हातात आल्या त्याच रात्री मी सगळ्या सोडवून पुठ्ठ्यांवर गुंडाळल्या. जुन्या लग्नपत्रिका कापून, कडेला पंचने भोकं पाडून मी स्वतःच पुठ्ठे केले होते, फार देखणे दिसत होते. लडीवरच्या कागदी पट्ट्या, ज्यांच्यावर नंबर छापलेला असतो, त्या मी केरात टाकल्या. नंबर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिला. आकाशाचा नंबर होता अँकर या दोऱ्याच्या कंपनीचा १२८. अँकरमध्ये १२८ पासून पुढे फिकट निळ्यातून गडद निळ्यात चढत जातात, हे तुम्हाला माहीत असेलच.

एप्रिलच्या मध्यावर तिसरी लडी संपत आली. मी फोन केला, “वहिनी, १२८ च्या दोन पाठवा.” तीन दिवसांनी साताऱ्याला येणाऱ्या एका पाहुण्यांबरोबर दोरा आला, तोही पुठ्ठ्यावर व्यवस्थित गुंडाळून! सोबत चिठ्ठी: “तुला पट्ट्या नकोच असतात, म्हणून मीच गुंडाळून पाठवला.”

मी रात्री जेवणं आटपल्यावर बसायची, ट्यूबच्या उजेडात. चार रात्रींत हजाराच्या वर फुल्या झाल्या. पाचव्या दिवशी रविवार होता, सकाळी चहा घेऊन गॅलरीत रिंग उचलली आणि पोटात गोळा आला. आकाशात चार बोटं रुंद पट्टा, स्पष्ट वेगळा. फार नाही, पण एकदा दिसला की दुसरं काही दिसेना. लग्नाला बारा दिवस. हजार फुल्या उसवायच्या म्हणजे मॅटीची, त्या घरांच्या कापडाची, घरं सैल पडतात, आणि पुन्हा भरायला दोरा कुठे होता? तसंच पुढे रेटलं.

माझं म्हणणं, नंबर तोच होता, लॉट, म्हणजे रंगवल्याची खेप, वेगळा होता. वहिनींचं म्हणणं, मी फोनवर १२९ सांगितला, कारण पुठ्ठ्यावरची पेन्सिल ओल्या हाताने पुसली होती आणि मला आठचा नऊ दिसला. मी तो पुठ्ठा जपून ठेवलाय. खरं सांगायचं तर त्यावरचा शेवटचा आकडा आता कोणालाच लागत नाही, आठही म्हणता येईल आणि नऊही. आणि पट्ट्या? माझ्या मी फेकल्या, त्यांच्या त्यांनी फेकल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलेही असते. पण रुखवत मांडलं तेव्हा विहीणबाई त्या फ्रेमसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, आकाशात ढगाचा पट्टा काय सुरेख उतरलाय!” मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, “हो, तो मुद्दाम घातलाय. दोन छटा आणवल्या होत्या.” आणवल्या होत्या! त्या दिवसापासून आमच्या घराण्यात तो ‘वहिनींचा ढग’ आहे.

तर, तुमच्याकडे वळते.

पट्टी फेकू नका. दोरा गुंडाळायचाच असेल तर पट्टी चपटी करून पुठ्ठ्यालाच स्टेपल करा. मी आता पुठ्ठ्यावर नंबर शाईने लिहिते, पट्टीही ठेवते आणि वर त्या रंगाचा बोटभर दोरा ग्राफच्या कागदावर त्याच्या खुणेसमोर टाचून ठेवते. घरातले हसतात. हसू देत.

तुमचा ग्राफ डीएमसीच्या, म्हणजे दोऱ्याच्या दुसऱ्या एका कंपनीच्या, नंबरांचा आहे का ते बघा. बाहेरून उतरवलेले बहुतेक ग्राफ तसेच असतात, आणि आपल्याकडच्या दुकानात समोर येतो तो अँकर. दोन्हींचे नंबर एकमेकांशी काही संबंध ठेवत नाहीत. डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा काळा ४०३. अँकरच्या खोक्यातून ३१० मागितलात तर तपकिरी हातात येईल आणि मोराचा डोळा तपकिरी होईल. तुलनेचे तक्ते मिळतात, पण ते अंदाजाचे असतात, सगळ्या छटा जुळत नाहीत. एकतर अख्खं चित्र एकाच कंपनीत करा, किंवा अख्खी यादी आधी बदलून घ्या आणि सगळ्या लड्या दुकानाच्या दारात, उन्हात, एकमेकींशेजारी ठेवून बघा. अर्ध्यावर कंपनी बदलायची नाही. हा नियम माझ्याकडे मोडत नाही.

कापडाचं: सुटी मॅटी घेत असाल तर दुकानदार ‘चौदाचीच आहे’ म्हणेल. मोजपट्टी लावून स्वतः मोजा, इंचाला उभी घरं किती आणि आडवी किती. मी आणलेल्या एका मॅटीत उभी १४ आणि आडवी साडेबारा भरली होती. त्यावर गोल चंद्र घातला तर त्याचं अंडं होतं. कापल्याबरोबर काठ हाताने शिवून घ्या, दशा दोन दिवसांत आतपर्यंत येतात. दर दहा घरांवर धावदोरा घालून चौकड्या पाडा. पाण्याने जाणारं पेन चालतं, पण खुणा धुऊन जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका, त्या पक्क्या बसतात.

लाल, मरून, गडद निळा, काळा, हे आधी तपासा. टोकाचा बोटभर दोरा ओला करून पांढऱ्या कापडात दाबा. डाग पडला तर तो दोरा बाजूला. बिननावाच्या स्वस्त दोऱ्यांचा रंग फुटतो, आणि तो फुटतो अगदी शेवटी, चित्र पुरं करून धुवायला टाकल्यावर. मीठ, व्हिनेगर वगैरेवर माझा विश्वास नाही.

सुया बोथट टोकाच्या, १४ काउंटला २४ नंबर. आठ-दहा घ्या, आणि जे रंग आलटूनपालटून लागतात ते एकेका सुईत ओवून फोमच्या तुकड्यावर टोचून ठेवा. ‘आधी लावून ठेवणं’ मला विचाराल तर इथे सगळ्यात जास्त कामाला येतं, वेळ निम्मा वाचल्यासारखा वाटतो.

वहिनींचा ठरलेला मुद्दा असा: “तुझ्या आजीला कुठे लागत होती एवढी तयारी?” माझी आजी बेळगावची. इरकलीवर कसुतीचं भरतकाम काढायची, त्याचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुलीच. कागद नाही, ग्राफ नाही, कापडाचे धागे मोजून हात चालायचा. बरोबर आहे. पण तिच्याकडे रंग होते चार, आणि दोरा पुरेल की नाही हे पदर हातात धरल्याबरोबर तिला कळायचं. मोजणी तीही करत होती, मनातल्या मनात. आपल्याला ३८ रंग मनात मावत नाहीत, मग कागद लागतो. हे मी वहिनींना सांगून झालंय, दोनदा.

आता डबा. घ्यायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्ट ठेवायचा कप्प्यांचा मिळतो, तो बघा. दोऱ्याला कोणता डबा आहे ते कळत नाही. मी तोही वापरत नाही. एका चित्राचं सगळं सामान एका झिपच्या पिशवीत: ग्राफ, कापड, पुठ्ठे, सुया, कात्री. पावसाळ्यात मात्र पिशवी घट्ट बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नका, दमट कापड आत अडकलं तर बुरशीचे ठिपके पडतात आणि पांढऱ्या मॅटीवरून ते जात नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी उघडून वारा द्या. डांबरगोळ्या दोऱ्यांत टाकू नका, वास टाक्यात बसतो.

हे सगळं तुमच्या मोठ्या चित्रासाठी. रुमालाला, बुकमार्कला यातलं काही करू नका, दोन लड्या आणा आणि बसा. आणि आकाश, गवत, पाणी असे मोठे सपाट भाग नसतील तर लॉटचीही एवढी भीती नको, छोट्या तुकड्यात फरक दिसत नाही. आणखी एक, मनाविरुद्ध लिहितेय: माझ्या कपाटात मोजून, टाचून, लेबलं लावून तयार असलेल्या तीन पिशव्या आहेत. सगळ्यात जुनी २०१७ ची. एकीतही सुई लागलेली नाही. वहिनींनी तेवढ्या काळात, तसंच ‘लागेल तसं आणू’ करत, दोन गणपती आणि एक अख्खा टेबलक्लॉथ पुरा केला. टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात हिरवा बदललेला आहे, पण पुरा केला.

गेल्या दिवाळीत भाचीकडे फराळाला गेलो होतो. ती फ्रेम तिच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर आहे. मी पर्समध्ये दोन नव्या लड्या घेऊन गेले होते, एक १२८ ची, एक १२९ ची. सगळी स्वयंपाकघरात असताना स्टुलावर चढून त्या पट्ट्याला लावून बघितल्या. मध्ये काच, वर पिवळा दिवा, दोन्ही सारख्याच दिसल्या. भाचीला म्हटलं, जरा मागचे खिळे काढून काच बाजूला करू का, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, “मामी, वहिनीमामीपण मागच्या महिन्यात हेच विचारत होत्या. कोणीही हात लावायचा नाही.”

दोन्ही लड्या अजून पर्समध्येच आहेत. पट्ट्यांसकट.