शेडमधली स्पोर्ट्स कार: बांधा, पण ठेव मोडून नको

प्रश्न: मी ४३ वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला ९६,००० रुपये हातात येतात. घरखर्च ४५,०००, मुलीची फी आणि क्लास ९,०००, घराचा हप्ता २१,५००, एसआयपी १०,०००. सहकारी बँकेत ७ लाखांची ठेव आहे, पीपीएफमध्ये ५.८ लाख. विमा म्हणाल तर कंपनीचा ३ लाखांचा आरोग्य विमा, बाकी काही नाही. सांगलीवाडीत घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे लोटस सेव्हनच्या धर्तीवर दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार स्वतः बांधायची आहे. इंजिन-गिअरबॉक्स जुन्या मारुती जिप्सीचा, एकूण खर्च साडेआठ लाख. ५ लाख ठेव मोडून आणि साडेतीन लाख वैयक्तिक कर्ज काढून उभे करतो. जिप्सीच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडी रस्त्यावर येईल आणि पुढे १५ लाखांना जाईल, म्हणजे ही गुंतवणूकच आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. करू का?

उत्तर: तुमची खर्चाची यादी आणि चॅसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, रेखाटनं सावकाश पाहिली. २५ मिलिमीटरचा, १६ गेजचा चौकोनी पाइप, उभं बसणारं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह, सगळं विचार करून ठरवलेलं आहे. हाताला वेल्डिंगची सवयही आहे. हे काम तुमच्याकडून होईल याबद्दल मला शंका नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रविवारी स्वतःच्या हाताने काहीतरी घडवावं असं मला मनापासून वाटतं. तेव्हा गाडी बांधा. मात्र ज्या तीन गोष्टींवर तुमचा बेत उभा आहे, म्हणजे जिप्सीची आरसी, १५ लाखांची विक्री आणि ठेव-कर्जाची जुळणी, त्या तिन्ही काढून टाकायला हव्यात.

आधी आरसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे आणखी ठामपणे सांगितलं आहे. जिप्सीची चॅसी काढून तुमच्या पाइपच्या सांगाड्यात तिचं इंजिन बसवलं की ती जिप्सी उरत नाही. मित्रमंडळी सांगतील, ‘कोण बघतंय?’ पण प्रश्न चौकात हवालदाराने अडवण्याचा नाही, त्याहून मोठा आहे. तो पुढे मांडतो.

नवी गाडी म्हणून नोंदणी करायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. ही व्यवस्था हजारोंनी गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. तो खर्च एका गाडीवर पडला तर तुमचे साडेआठ लाख त्यापुढे किरकोळ ठरतील. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची वेगळी सोय आहे. हौशी माणसासाठी तशी सोपी वाट आपल्याकडे नाही.

लोटस सेव्हनचं मूळ अर्थकारणही लक्षात घ्या. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमनने ती १९५७ मध्ये आणली. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर तो वाचे. किट घेणाऱ्याचा फायदा त्या करसवलतीत होता. १९७३ मध्ये तिथे व्हॅट आला, ती सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. तुमच्या बेतात अशी कोणतीही सवलत नाही. परदेशातून किट मागवायचा विचार डोक्यात असेल तर तोही सोडा. पूर्ण गाडीचे सुटे भाग एकत्र आले तर सीमाशुल्काच्या नियमांत ते पूर्ण गाडीच धरले जाऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल. देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून, साधारण ६० हजारांत, किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. त्याच वेळी त्यांनी स्पष्ट लिहिलं, की नियमात बसत नसल्याने स्थानिक यंत्रणा ती आज ना उद्या थांबवणारच, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ती बोलेरो जानेवारी २०२२ मध्ये त्या घरी पोचलीही. त्या कौतुकात अडचणीची बाजूही सांगितली होती, ती बहुतेकांच्या लक्षात राहिली नाही.

नोंदणी नाही म्हणजे विक्रीही नाही. घेणाऱ्याच्या नावावर करून द्यायला तुमच्याकडे कागद नसेल, फॉर्म २९-३० भरायचे कशाच्या आधारावर? उद्या गिऱ्हाईक आलं तरी तो इंजिन, गिअरबॉक्स आणि अलॉय व्हील्सची किंमत करेल. माझ्या अंदाजाने दोन-अडीच लाखांच्या वर काही हाती येणार नाही. तुमचे शेकडो तास त्यात धरलेलेच नाहीत. म्हणून १५ लाखांचा आकडा वहीतून खोडा आणि हा शुद्ध खर्च आहे असं मानून पुढचा हिशेब करा.

आता मघाचा मोठा प्रश्न. नोंदणी नसलेल्या गाडीला थर्ड पार्टी विमा मिळत नाही. जिप्सीच्या नावावर पॉलिसी काढलीत तर दाव्याच्या वेळी कंपनी गाडी पाहील आणि जबाबदारी झटकायला तिला आयतं कारण मिळेल. समजा एका रविवारी आयर्विन पुलावरून हरिपूरपर्यंत चक्कर मारून यावं असं वाटलं आणि वाटेत कुणी आडवं आलं. अपघात दावा न्यायाधिकरण गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि मागे राहिलेलं कुटुंब पाहून भरपाई ठरवतं. तिला वरची मर्यादा नाही. ती तुमच्या पगारातून, घरातून वसूल होऊ शकते. नोंदणीशिवाय गाडी चालवल्याचा पहिला दंड पाच हजारांपर्यंत आहे, तो परवडेल. ही भरपाई तुमच्या घराला पेलणार नाही. म्हणून माझी अट एकच आहे: ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर एकदाही उतरणार नाही. ट्रॅकवर किंवा खासगी आवारातच चालेल. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे घरी बांधलेली गाडी आणू देतील का, हे पाइप कापायच्या आधी विचारा. गाडी तिथवर टेम्पोतूनच न्यावी लागेल, ते भाडंही हिशेबात धरा.

पैशाचं गणित त्या मानाने सरळ आहे. आज सगळं वजा जाता तुमच्याकडे महिन्याला १०,५०० उरतात. साडेतीन लाखांचं कर्ज १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता जवळपास ९,४०० येतो आणि व्याजच लाखाच्या वर जातं. हातात उरतील अकराशे. इकडे ठेवीत दोन लाख राहतील. घरखर्च, फी आणि हप्ता मिळून तुमचा अटळ खर्च ७५,५०० आहे, म्हणजे ते दोन लाख तीन महिनेही पुरणार नाहीत. सहा महिन्यांची बेगमी म्हणून साडेचार लाख तरी हात न लावता ठेवायलाच हवेत. मंदीत कुपवाडच्या कारखान्यांत ओव्हरटाइम आधी बंद होतो आणि मग माणसं कमी होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता.

शिवाय यादीतले साडेआठ लाख साडेआठवर थांबणार नाहीत. प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) कापून बॅलन्स करून घेणं, ब्रेक पाइप, चुकून आलेले पार्ट, सुट्या भागांसाठी उद्यमनगरच्या फेऱ्या, यातलं यादीत काहीच नाही. तीस-चाळीस टक्के वाढ धरूनच चाला.

मुलीसाठी दोन वर्षांत पैसा लागणार आहे. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कमाफीला वार्षिक ८ लाख उत्पन्नाची मर्यादा आहे, ती तुम्ही ओलांडता. तेव्हा एसआयपी थांबवू नका आणि पीपीएफ गाडीसाठी काढू नका. खातं किती वर्षांचं झालं ते पाहा, सातव्या आर्थिक वर्षापासून त्यातून अंशतः रक्कम काढता येते, ती तिच्या फीच्या कामी येईल.

गाडीच्याही आधी विमा. तुमच्या नावावर एक कोटीचा टर्म विमा आणि कुटुंबासाठी कंपनीच्या बाहेरचा दहा लाखांचा आरोग्य विमा काढा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यावर जीएसटी नाही. दोन्ही मिळून वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार धरा, म्हणजे महिन्याला साधारण ३,५००. उरले सात हजार. त्यातले दोन हजार घरातल्या अचानक खर्चासाठी ठेवून पाच हजार गाडीसाठी वेगळ्या खात्यात टाका. दिवाळीचा बोनस येईल त्यातला अर्धा त्यात घाला, उरलेला अर्धा घराकडे.

या वेगाने गाडीला बरीच वर्षं लागतील. मला ते चालेल, आणि तुम्हालाही चालावं, कारण पहिल्या वर्षात फक्त हत्यारं आणि चॅसी होईल. चांगलं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, वाइस यांना नंतरही बाजारात किंमत असते, आणि सांगाडा उभा राहीपर्यंत तुम्हाला कळेल की या कामाची ओढ खरंच टिकते का. जिप्सीचं इंजिन तोवर घेऊ नका. ऑफरोडवाल्यांमुळे जिप्सीच्या भागांना मागणी आहे, त्यामुळे मारुती ईकोचं इंजिनही तपासून पाहा, तीही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे आणि तिचे भाग गावोगाव मिळतात.

आणि शेड. सांगलीवाडीत २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत महापुरात काय झालं ते तुम्ही भोगलेलं आहे. पाणी वाढायला लागलं की माणसं आणि कागदपत्रं हलवायला रात्र पुरत नाही, चाकं न लागलेली चॅसी कोण हलवणार? सांगाडा पहिल्या दिवसापासून चाकांच्या ट्रॉलीवर बांधा, इंजिन-गिअरबॉक्स कुपवाडला एखाद्या ओळखीच्या शेडमध्ये ठेवा, आणि जून ते सप्टेंबर नवीन महागडा भाग विकत घेऊ नका.

ठेवीबद्दल एक सांगायचं राहिलं. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण असतं. तुमचे सात लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. मुदत संपेल तेव्हा आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नका, अडीच लाख दुसऱ्या बँकेत पत्नीच्या नावावर ठेवा. कर्जाचा अर्ज दिला असेल तर तो याच आठवड्यात मागे घ्या.