छाटणीची तारीख

"मॅडम, मला फक्त एवढंच सांगा, पुढच्या वेळी होईल का नाही?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं विचारलं. वय 27, तासगाव तालुक्यातलं गाव, बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास. दोनदा पूर्व निघाली, दोन्ही वेळा मुख्यला थोडक्यात राहिलं. आता घरी होती. एका पतसंस्थेत नोकरी चालून आली होती आणि हो की नाही ते सप्टेंबर संपायच्या आत कळवायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत निम्मे लोक हाच प्रश्न घेऊन येतात, विषय तेवढे वेगळे. दुकान टाकू का, परदेशी जाऊ का, या स्थळाला होकार देऊ का. सल्ला नको असतो त्यांना, कौल हवा असतो. उजव्या बाजूचं फूल पडलं की सुटलो.

तिनं पिशवीतून दोनशेपानी वही काढली. डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे, अशी अकरा पानं. या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. घाबरलेला माणूस यादी करायला बसला की यादीच वाढत जाते. शेवटच्या पानावर कुणाकुणाला विचारलं त्यांची नावं: दोन मामा, क्लासचे सर, पुण्यातली रूममेट, मिरजेचे एक ज्योतिषी.

"आणि तुझं मत कितव्या पानावर?"

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी ठरवलं आणि चुकलं, तर सगळे म्हणणार, तुझं तूच ठरवलंवतंस की."

गाठ इथं होती. नापास होण्याची भीती होतीच, पण दोष आपल्या माथी येईल ही त्याहून मोठी. या भीतीपायी गेल्या वर्षी भरू की नको करत फॉर्मची शेवटची तारीख उलटून गेली होती. तो आपला निर्णय होता असं तिला वाटतच नव्हतं. वर्ष मात्र तिचंच गेलं.

दुसऱ्या भेटीला वडील सोबत आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी त्यांना आत बोलावलं. साडेतीन एकर द्राक्षबाग. सहज विचारलं, "दादा, यंदा फळछाटणी कधी?"

"दीड एकर वीस सप्टेंबरला, उरलेली ऑक्टोबरात."

"सगळी एकदम का नाही?"

"फुलोऱ्यात पाऊस गावला की डाऊनी येती, बुरशीचा रोग. एक प्लॉट गेला तर दुसरा तरी हाताला लागंल."

"पाऊस कधी येणार ते कळतं?"

"ते कळलं असतं तर काय पाहिजे होतं! 2019 ला दिवाळीच्या तोंडावर लागला तो हटलाच नाही. घड कुजलं. बाग गेली."

"म्हणजे तारीख चुकली तुमची."

"तारीख कशी चुकंल?" त्यांना ते जरा लागलंच. "तवा जे दिसत होतं त्यावर बरोबरच धरलीवती. पाऊस चुकला."

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. त्या साली पुण्याची फी कशी भरली, तेही तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. सोसायटीचं कर्ज नवंजुनं करून.

तिसऱ्या भेटीत आम्ही कामाला लागलो. 'अधिकारी व्हायचं' हे ध्येय मी बाजूला ठेवायला लावलं, कारण जागा किती निघतात, कट-ऑफ कुठं लागतो, यातलं काहीच तिच्या हातात नाही. हातात काय होतं? 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आणि हिला सवय चार पर्यायांतला एक गोल काळा करायची. भाषेचा पेपर सोडला तर सलग उत्तर तिनं कॉलेजनंतर लिहिलंच नव्हतं. म्हणून ठरलं: नोकरी घ्यायची, आणि सहा आठवडे रोज सकाळी एक उत्तर, घड्याळ लावून, हातानं. एक प्लॉट आधी.

आणि थांबायचं कधी? खुल्या गटाला 38 व्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते, हे खरं तर आणखी अवघड. दार बंदच होत नाही, म्हणून माणूस उंबऱ्यातच बसून राहतो. मी तिला सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची आठवण दिली. तिथं 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. नदीकाठची शहाणी घरं पाणी कुठवर आलं की सामान माडीवर न्यायचं ते पाऊस नसतानाच ठरवून ठेवतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये '2005 चं पाणी इथवर आलं नव्हतं' म्हणत कितीजण बसून राहिले, आणि पाणी 57 फुटांवर गेलं.

तिनं कागद घेतला. तारीख घातली. आज मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, म्हणून मी काय निवडते आहे. खाली तिची पातळी: पूर्व निघाली तर बिनपगारी रजा मागून मुख्य, नाही निघाली तर परीक्षा बंद आणि पतसंस्थेतच पुढचं शिक्षण. निकाल कसाही लागला तरी नंतर या कागदात खाडाखोड करायची नाही. सही केली. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि खरेदीखताला करतात तशी साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन आली. 42 दिवसांत 31 उत्तरं. बुडालेल्या अकरांपैकी सहा दिवस दुसऱ्या प्लॉटच्या छाटणीतले, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ती पेस्ट लावायला माणसं मिळाली नव्हती. पहिलं उत्तर दीड पानात दमलेलं, तिसावं तीन पानं सरळ चालणारं. अक्षर मात्र अजून भयंकर आहे.

निघताना दारात थांबली. सवय इतक्यात जात नसते.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं, होईल?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"पूर्वच्या निकालापर्यंत विचारायचं नाही." चप्पल घालता घालता तिनं बाहेर बघितलं. आभाळ भरून आलं होतं. "आमच्याकडं सकाळपासनं भुरभुर चालू आहे. पहिला प्लॉट फुलोऱ्यात आहे. आण्णा पहाटेच फवारणीला गेलेत."