वाचकांचे प्रश्न : देवराई मोजायची कशी?

प्रश्न : ताई, भोर तालुक्यातल्या आमच्या गावाला ५ एकरांची देवराई आहे. म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी ती ओढ्यापर्यंत होती. नववीच्या मुलांना घेऊन मी मोठमोठ्या झाडांचे घेर मोजले. त्यावरून राईचं वय आणि जुनी हद्द सांगता येईल का?
– एक शिक्षक

उत्तर : सर, मुलांच्या हातात टेप दिलात, फार बरं वाटलं. पण घेरावरून वय काढू नका. सागाच्या खोडात वर्षाची वलयं दिसतात, आपल्या बहुतेक सदाहरित झाडांत ती तशी स्पष्ट नसतात. शिवाय ओढ्याकाठचं जांभूळ भराभर वाढतं, कातळावरचं खुरटतं.

दुसरं म्हणजे, झाडं तुम्ही निवडलीत. मुळशीत पहिल्या खेपेला मीही तेच केलं. देवळापाशी सावली होती, तिथेच सुतळी ताणून मोजणीच्या चौकटी आखल्या आणि राई भरगच्च आहे असं लिहून मोकळी झाले. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या, तर निम्म्या चौकटी करवंदीच्या जाळीत नाहीतर घाणेरीत निघाल्या. खरी राई तेव्हा कळली.

५ एकर म्हणजे १० मीटर बाय १० मीटरच्या साधारण २०० चौकटी. नकाशावर त्यांना क्रमांक द्या आणि मुलांना २० चिठ्ठ्या काढू द्या. काटे आहेत म्हणून एकही बदलायची नाही. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्या, उतारावर वरच्या अंगाला उभं राहून. गुडघ्याएवढी रोपंही मोजा. हिरडे थोराड आणि खाली एक रोप नाही, असं दिसलं तर आधी गुरं कुठे चरतात आणि हिरडा किती वेचला जातो ते विचारा. मला सगळ्यात काळजी याचीच वाटते.

हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढा. मग ओढ्याकडच्या पडीक जमिनीत चौकटी टाका, आणि जिथे राई असल्याचं कुणीच सांगत नाही अशा जागेतही. ती दुसरी जागाही ओढ्याकाठचीच हवी, नाहीतर फरक पाण्यामुळे की राईमुळे, कसं कळणार? गारंबीचा वेल, अंजनी, जुने बुंधे अशा जुन्या राईच्या खुणा फक्त पहिल्या जागी सापडल्या, तर म्हाताऱ्यांच्या बोलण्याला आधार मिळाला.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून नोंदवल्या. त्यात तुमचं गाव आहे का, तेही बघा.

पाऊस उघडला की दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. तक्ते पाठवा, मी बसून बघते.